बिडाचा मॅनिफोल्ड की नळ्यांचा हेडर?

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की आधी इंजिनाच्या गप्पा होतात, मग गिअरबॉक्सच्या, आणि वायरिंगवर तर रात्रीच्या रात्री सरतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा विषय निघतो तो इंजिन साखळीला लटकून बॉनेटखाली उतरत असताना. डावीकडचा मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला टेकतो, उजवीकडचा चॅसीच्या चॅनलवर जाऊन बसतो, आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. मग सुरू होते ती स्वस्ताची शोधाशोध.

या शोधाशोधीचा सगळ्यात दांडगा अनुभव साठलाय तो अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांभोवती. १९९७ च्या सी-५ कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ आलं. ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक. दोन वर्षांत त्याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन अशा ट्रक-एसयूव्हींत लागली. त्यांतल्या बहुतेकांचे ब्लॉक बिडाचे. या गाड्या लाखांनी खपल्या, कालांतराने लाखांनी भंगारात आल्या, आणि चांगल्या चालणाऱ्या व्ही-८ इंजिनाचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटातच असल्यामुळे हे इंजिन वरून अरुंद राहतं. म्हणून जुन्या शेव्रोलेपासून माझ्दा मिआटा आणि बीएमडब्ल्यू ई-३६ पर्यंत काय वाटेल त्या गाडीत लोकांनी ते बसवलं.

आता शेव्रोलेच्या जुन्या गाडीत शेव्रोलेचंच नवं इंजिन बसवताना जुना हेडर, म्हणजे बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी लावायचा स्वतंत्र नळ्यांचा संच, का चालत नाही, असा प्रश्न नवख्याला पडतोच. १९५५ पासूनच्या जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये आणि एलएसमध्ये दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं अंतर एकच आहे, ४.४ इंच. पण जुन्या हेडवर मधली दोन एक्झॉस्ट तोंडं एकमेकांना चिकटलेली असत. एलएसच्या हेडवर चारही तोंडं सारख्या अंतरावर आहेत. म्हणजे जुना हेडर गेला भंगारात. उलट एलएसच्या भाऊबंदांत आपसांत हा प्रश्न फारसा येत नाही. ४.८ पासून ६.२ पर्यंत मॅनिफोल्डच्या बोल्टांची मांडणी तीच, त्यामुळे एका गाडीचा मॅनिफोल्ड दुसऱ्या गाडीच्या इंजिनावर चढतो. स्वस्ताईची खरी वाट इथेच सुरू होते, आणि बहुतेक लोक तिच्याकडे न बघता चकचकीत नळ्यांच्या जाहिरातींकडे वळतात.

त्यांचा दोष नाही. हेडरने ताकद वाढते हे खरंच आहे. पण किती वाढते आणि कुठे वाढते, ते समजून घ्यायला इंजिनाच्या आत थोडं डोकवावं लागतं. ६,००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. दर वेळी दाबाची एक लाट नळीतून धावते. नळी संपून ती जिथे रुंद कलेक्टरमध्ये उघडते, तिथून उलट खेच देणारी लाट मागे परतते. ती व्हॉल्व्हपाशी पोचेल त्या क्षणी इनटेक व्हॉल्व्हही किंचित उघडा असेल, तर उरलासुरला जळका वायू ती ओढून काढते आणि ताज्या हवेलाही आत यायला हात देते. लाटेला जायला-यायला लागणारा वेळ नळीच्या लांबीवर ठरतो. हेडरच्या लांबीवरून एवढं महाभारत होतं ते त्यामुळे. पण दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ कंपनीच्या साध्या कॅममध्ये अगदी थोडा असतो. त्या कॅमवर लांब नळ्या लावल्या तर त्यांचं निम्मं कसब वायाच जातं.

एलएसचा फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३ असा आहे. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या. आता फक्त डावी बाजू पाहू. १ नंतर ७ पेटतो तेव्हा क्रँक १८० अंश फिरलेली असते. ७ नंतर ५ यायला २७० अंश लागतात, ५ नंतर ३ ला पुन्हा १८०, आणि ३ नंतर १ अवघ्या ९० अंशांत. म्हणजे ३ नंबरचा सिलिंडर अजून आपला धूर ढकलतोय तोच शेजारचा १ नंबर आपला व्हॉल्व्ह उघडून पूर्ण दाबाने त्याच पोकळीत वायू सोडतो. उजवीकडे २ आणि ६ मध्ये हेच घडतं. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये हे दोघे एकमेकांच्या वाटेत येतात. लांब हेडरमध्ये प्रत्येकाला कलेक्टरपर्यंत स्वतंत्र नळी मिळते, ही टक्कर पुढे ढकलली जाते आणि बरीच सौम्यही होते. अमेरिकन व्ही-८ चा तो प्रसिद्ध गडगडाट याच असमान अंतरांतून येतो, हे जाता जाता.

हिशेब असा. कॅम न बदललेल्या ५.३ लिटरच्या इंजिनाला, जे कारखान्यातून ३०० अश्वशक्तीच्या आतबाहेर असतं, ट्रकचे मॅनिफोल्ड काढून लांब हेडर लावले तर वरच्या आरपीएमला साधारण १५-२० अश्वशक्तीचा फरक पडतो. मोठा कॅम आणि चांगले हेड असतील तर फरक आणखी वाढतो. आखूड हेडरचा, ज्याला तिकडे शॉर्टी म्हणतात, फायदा मात्र इतका किरकोळ असतो की अनेकदा तो ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोजच्या चढउतारात हरवून जाईल. माझं स्पष्ट मत आहे की केवळ ताकदीसाठी शॉर्टी घेणं म्हणजे पैसे घालवणं. तो घ्यायचा तर फक्त जागेसाठी.

जागा हाच या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा. अश्वशक्तीचे आकडे कागदावर कोणीही वाचू शकतो. पण स्टिअरिंगचा दांडा, स्टार्टर, ऑइल फिल्टर, डिपस्टिकची नळी, क्लचची हायड्रॉलिक लाइन, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, स्पार्क प्लगचे बूट आणि चॅसीचं चॅनल या सगळ्यांच्या मधून नळी काढायची असते, आणि प्रत्येक गाडीत हे अडथळे वेगळ्या जागी असतात. त्यात इंजिन माउंटची भर. एलएसच्या ब्लॉकवर माउंटसाठी प्रत्येक बाजूला चार बोल्ट असतात, जुन्या स्मॉल ब्लॉकवर तीन होते. म्हणून मध्ये अडॅप्टरची पट्टी येते. ही पट्टी वेगवेगळे उत्पादक वेगवेगळी काढतात. कुणाची इंजिन इंचभर मागे नेते, कुणाची पुढे. एका पट्टीवर छान बसलेला हेडर दुसऱ्या पट्टीवर थेट स्टिअरिंगच्या सांध्यात घुसतो. मग जे लोक एका ठिकाणाहून माउंट, दुसरीकडून ऑइल पॅन आणि तिसरीकडून सवलतीतला हेडर मागवतात, त्यांचं पुढे काय होतं ते सांगायला नको. होलीसारख्या कंपन्या माउंट, पॅन आणि हेडर एकमेकांशी जुळवूनच आखतात. त्या संचाची किंमत डोळ्यांत भरते, पण तीन वेळा पार्सल परत पाठवण्याचा खर्च त्या किमतीशी कुणी ताडून पाहत नाही.

तर क्रम उलटा हवा. आधी माउंट ठरवायचे, मग ऑइल पॅन, आणि इंजिन-गिअरबॉक्स जागेवर टेकवून मगच मॅनिफोल्डची निवड. शक्य असेल तर रिकामा ब्लॉक आणि दोन जुने हेड तेवढे बसवून पाहावं.

आता भंगारातल्या बिडाच्या मॅनिफोल्डांकडे वळू. इथे वैविध्य भरपूर आहे. ट्रकचे मॅनिफोल्ड सगळ्यात स्वस्त. इंजिनाबरोबर ते फुकटच येतात, आणि जे लोक हेडर लावतात ते आपले काढलेले जोड नाममात्र किमतीला देऊन टाकतात. पण त्यांचं तोंड मागे आणि खाली, बाहेरच्या अंगाला असतं. १९७३ ते १९८७ च्या चौकोनी शेव्रोले ट्रकमध्ये ते सहसा खपून जातात, जुन्या कारच्या अरुंद चॅसीत मात्र चॅनलवर आपटतात. १९९८ ते २००२ च्या कॅमेरो-फायरबर्डचे मॅनिफोल्ड कारसाठीच घडवलेले, त्यामुळे ते अंगाला धरून राहतात. त्यांतले सुरुवातीच्या वर्षांचे पातळ दुहेरी पत्र्याचे होते, शेवटच्या वर्षांचे बिडाचे. निवड असेल तर बिडाचेच घ्यावेत. कॉर्व्हेटचे मॅनिफोल्ड ब्लॉकला लगटून जातात, म्हणून हॉट रॉड बांधणारे त्यांच्यावर टपलेले असतात, आणि त्यामुळेच ते आता तितकेसे स्वस्त उरलेले नाहीत. काही जुन्या मॅनिफोल्डांवर ईजीआरची, म्हणजे जळका वायू परत इनटेककडे नेणारी, नळी जोडण्याचं तोंड असतं. ते तोंड पट्टी लावून बंद करावं लागतं. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी मात्र हे करण्याआधी कायदा वाचावा.

आणखी एक मधला पर्याय गेल्या काही वर्षांत पुढे आला. होलीच्या हूकर या ब्रँडने इंजिन बदलणाऱ्यांसाठीच नवे बिडाचे मॅनिफोल्ड ओतायला सुरुवात केली. आकाराने आटोपशीर, तोंड बऱ्याच जुन्या गाड्यांना चालेल अशा कोनात. भंगारातल्यापेक्षा महाग, चांगल्या हेडरपेक्षा स्वस्त. मला स्वतःला हा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याला शांतता आणि गळती नसणं या दोन गोष्टी १५ अश्वशक्तीपेक्षा जास्त लागतात.

बीड हा तसा अडाणी धातू समजला जातो, पण कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्याने काम केलंय त्याला हे पटणार नाही. जाड भिंतीमुळे आवाज दबतो, उष्णता एकदम बाहेर फेकली जात नाही, आणि फ्लँज व मॅनिफोल्ड एकाच ओतकामातून निघाल्याने वेल्ड तडकण्याचा प्रश्न येत नाही. जास्त तापणाऱ्या मॅनिफोल्डसाठी हल्ली सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं एसजी आयर्न वापरतात, ते लाल होईपर्यंत तापूनही आकार सोडत नाही. तोटा एकच, वजन.

नळ्यांच्या हेडरमध्ये धातूचा विषय जास्त नाजूक. साधं माइल्ड स्टील स्वस्त, वेल्डला सोपं, पण गंजतं. त्यावर नुसता काळा रंग असेल तर पहिल्या प्रवासातच तो जळून जातो. आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. ३०४ स्टेनलेस चमकदार, गंजाला पुरून उरणारं, पण तापल्यावर फुगतं जास्त. पाऊण मीटरची नळी ६०० अंशांनी तापली तर साध्या स्टीलची साधारण सहा मिलिमीटर वाढते, ३०४ ची आठ. चारही नळ्या एकसारख्या तापत नाहीत. मग ताण येतो तो फ्लँजजवळच्या वेल्डवर. पातळ भिंतीचं, घाईत वेल्ड केलेलं स्वस्त ३०४ तिथेच तडकतं. गाडी कंपन्या स्वतः वापरतात ते ४०९ स्टेनलेस. दिसायला कळकट, वरवर तांबूस गंजतं, पण कमी फुगतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. 'स्टेनलेस' एवढ्या एका शब्दावर भुलून पैसे मोजू नयेत. नळीच्या भिंतीची जाडी १६ गेज आहे की १८, हे आधी विचारावं. १६ गेज जास्त जाड असतं.

मापांचं म्हणाल तर एलएससाठी नळ्या एक इंच पाच सूत, पावणेदोन इंच, एक इंच सात सूत आणि दोन इंच अशा येतात. साध्या ४.८ किंवा ५.३ ला पावणेदोन इंच पुरून उरते. दोन इंचाची नळी मोठ्या कॅमच्या, मोठ्या क्षमतेच्या इंजिनासाठी. छोट्या इंजिनावर ती लावली तर वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो. वर ती जागाही जास्त खाते. स्वस्तात मिळतेय म्हणून मोठी घेतली, असं करणारे कमी नाहीत.

अगदी स्वस्त, नाव नसलेला किंवा अपरिचित नावाचा स्टेनलेसचा जोड दोनशे-चारशे डॉलरांत पडतो. विशिष्ट गाडीसाठी आखलेले मधल्या दर्जाचे जोड पाचशे ते आठशेच्या घरात, आणि कुक्ससारख्या कंपन्यांचे हजाराच्या बरेच वर. यांतले सगळ्यात स्वस्त जोड नेहमीच वाईट असतात असं नाही. पण ते हातात आल्यावर इंजिनाला लावण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा. फ्लँज तीन सूत जाड आहे का? फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज जातो का पाहावं. वेल्ड करताना तापून फ्लँज केळ्यासारखी वाकणं हा या मालाचा जुना रोग आहे, आणि वाकलेल्या फ्लँजला कितीही चांगली गॅस्केट दिली तरी ती फुंकतेच. मशिन शॉपमध्ये ती घासून सपाट करून घेता येते, खर्च फार नाही. मग तोंडात बोट घालून पाहावं. आतल्या बाजूला वेल्डचा गोळा आलेला असेल तर तो डाय ग्राइंडरने काढावा. नळीचे बाक मँड्रेलवर काढलेले आहेत की दाबून, हेही दिसतं. दाबून वाकवलेली नळी बाकात चेपलेली असते. शेवटी ऑक्सिजन सेन्सर बसवायचं आट्यांचं तोंड. त्याची वेल्ड आणि आटे हाताने सेन्सर फिरवून तपासावेत. आटे बिघडलेले असतील तर गाडीखाली झोपून ते कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं.

सेन्सरबद्दल दोन शब्द. लांब हेडर लावला की सेन्सर इंजिनापासून दूर जातो, त्याची वायर पुरत नाही, लांबवावी लागते. त्याच्या अलीकडे कुठेही गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि कॉम्प्युटर उगाचच इंधन वाढवतो. गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते, आणि मालक इंजेक्टर बदलत बसतो. बदललेल्या इंजिनाच्या कितीतरी 'ट्यूनिंगच्या तक्रारी' मुळात एक्झॉस्टच्या गळतीच्या असतात.

म्हणून गॅस्केट आणि बोल्ट यांत काटकसर नको. स्वस्त हेडरबरोबर आलेली कागदी गॅस्केट बाजूला ठेवावी आणि जनरल मोटर्सचीच अनेक पदरी स्टीलची गॅस्केट घ्यावी. बोल्ट आठ मिलिमीटरचे, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. बोल्ट आधी १५ न्यूटन-मीटरला आणि मग २५ ला, मधून बाहेरच्या बाजूला असे आवळायचे. इंजिन दोनतीनदा तापून थंड झालं की पुन्हा पाना लावून पाहायचा. ट्रकमधून काढलेल्या इंजिनावर सगळ्यात मागचे, म्हणजे ७ आणि ८ नंबरच्या सिलिंडरपाशी असलेले बोल्ट तुटलेले मिळणं ही रोजची गोष्ट आहे. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम वेगवेगळं फुगतं, टोकाच्या बोल्टांवर त्याचा ताण सगळ्यात जास्त येतो. इंजिन विकत घेताना तिथे टॉर्च मारून बघावं. तुटलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढतात. इंजिन गाडीबाहेर आहे तोवरच हे सोपं आहे.

कायद्याचा भाग कॅलिफोर्नियात सगळ्यात कडक. तिथे बदललेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, त्याची सगळी प्रदूषण-रोधक यंत्रणा सोबत यावी लागते, आणि गाडी रेफरीकडून, म्हणजे अधिकृत तपासनीसाकडून, तपासून घ्यावी लागते. हेडर घ्यायचा तर त्याला हवा संसाधन मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागे सरकवणाऱ्या लांब हेडरांना तो सहसा नसतो. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना नियमित धूर-तपासणीतून सूट आहे. शेव्रोलेने ई-रॉड नावाने जे प्रमाणित इंजिन-संच विकले, त्यांत कारखान्याचेच मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टर होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उलट मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची धूर-तपासणीच होत नाही. डेट्रॉइटच्या आसपास वाहन उद्योगात पुष्कळ मराठी मंडळी आहेत. त्यांच्यातल्या कुणी शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये हा उद्योग मांडला तर निवडीला मोकळं रान आहे, तरी संघराज्याचा हवा-शुद्धतेचा कायदा तिथेही लागू आहेच.

भारतात हे सगळं जसंच्या तसं उचलता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. शिवाय आपलं स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकेतले तयार हेडर डाव्या बाजूच्या दांड्याला चुकवत आखलेले असतात, त्यामुळे आपल्याकडे ते नेमके नको तिथे आडवे येतात. उजव्या स्टिअरिंगसाठी एलएसचे हेडर मिळतात ते ऑस्ट्रेलियात, कारण तिथल्या होल्डन कमोडोरमध्ये १९९९ पासून हे इंजिन होतं.

टर्बो लावणाऱ्यांचं गणित तर निराळंच. त्यांना नळ्यांची लांबी जुळवण्याचं काही पडलेलं नसतं, भिंत जाड असली आणि गळती नसली की झालं. ते ट्रकचे फुकटचे मॅनिफोल्ड उलटे करून तोंड पुढच्या बाजूला घेतात आणि तिथून नळी टर्बोकडे नेतात. पाचसहाशे अश्वशक्तीची इंजिनं अशा ओबडधोबड बिडावर चालतात.

आणि १९८० च्या सुमाराच्या चौकोनी शेव्रोले ट्रकमध्ये कुणी ५.३ बसवत असेल तर माझा सल्ला साधा आहे. इंजिनाबरोबर आलेले मॅनिफोल्ड वायर ब्रशने घासा, फ्लँज सपाट आहे का बघा, मागचे बोल्ट नवे घाला आणि वाचलेले पैसे पुढच्या अडीच इंची नळीला, चांगल्या मफलरला आणि गावातल्या एक्झॉस्टवाल्याच्या वेल्डिंगला द्या. वर्षभराने कॅम बदलायची हुक्की आलीच, तर त्या वेळी पावणेदोन इंचाचे लांब हेडर आणा, पण तुमच्या माउंटच्याच उत्पादकाचे.